बाह्य अभ्यागतांची संगणकीय ओळख : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
बहिःस्थ परीक्षक, अभ्यागत प्राध्यापक आणि सहयोगी संशोधक यांच्यावाचून उच्च शिक्षणसंस्थेचे कार्य चालत नाही. ग्रंथालयाच्या दारात अशा पाहुण्याची ओळख पटविण्यास त्याच्या मूळ संस्थेचे पत्र पुरेसे असे. संगणकीय प्रणालीच्या दारात ही ओळख कोणी पटवावयाची, या प्रश्नाला मिळत गेलेल्या उत्तरांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

परवलीचा शब्द :
अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली सीटीएसएस ही संगणकप्रणाली १९६१ मध्ये प्रथम दाखविण्यात आली. एकच संगणक अनेकांनी वापरावयाचा असल्याने प्रत्येकाच्या धारिका स्वतंत्र राखण्यासाठी तीत पासवर्डची योजना झाली. १९६२ मध्येच अधिक संगणकवेळ मिळविण्यासाठी तेथील एका संशोधकाने सर्वांच्या पासवर्डची यादी छापून घेतली. ज्याला शब्द ठाऊक तो आपला, या तत्त्वाची मर्यादा अशा रीतीने आरंभीच उघड झाली. पुढे पाहुण्यांसाठी सामाईक 'गेस्ट' खाते किंवा प्रत्येकास स्वतंत्र खाते देण्याची पद्धत रूढ झाली. पहिल्या पद्धतीत कोणी काय केले ते कळत नाही. दुसरीत पाहुणा परतला तरी खाते मागे उरते.

जागेची ओळख :
१९९० च्या दशकात ई-नियतकालिकांचा प्रसार झाल्यावर प्रकाशक व्यक्तीऐवजी संस्थेच्या नेटवर्कचा आयपी पत्ता ओळखू लागले. परिणामी ग्रंथालयात बसलेल्या पाहुण्यास प्रवेश मिळे, तर घरी बसलेला त्याच संस्थेचा प्राध्यापक परका ठरे. १९९९ मध्ये आलेल्या 'इझीप्रॉक्सी'ने ही दुसरी अडचण दूर केली. पाहुण्याच्या ओळखीचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

मूळ संस्थेची साक्ष :
अमेरिकेतील 'इंटरनेट-२' या संस्थेने २००० मध्ये 'शिबोलेथ' प्रकल्प हाती घेतला व त्याची पहिली आवृत्ती २००३ मध्ये आली. हे नाव बायबलमधील आहे; जॉर्डन नदीच्या उतारावर या शब्दाच्या उच्चारावरून शत्रू ओळखला जात असे. प्रकल्पाची रीत मात्र निराळी होती. येथे पहारेकरी पाहुण्याची परीक्षा घेत नाही, तर त्याच्या घरी चौकशी करतो. पाहुणा आपली संस्था निवडतो, तिच्याच पृष्ठावर पासवर्ड देतो आणि ती संस्था यजमानाकडे स्वाक्षरीयुक्त निर्वाळा पाठविते. पासवर्ड यजमानापर्यंत पोहोचत नाही. पुष्कळदा नावही न कळविता 'हा अध्यापक आहे' एवढेच सांगितले जाते. २००५ मधील 'सॅमल २.०' या मानकाने अशा निर्वाळ्यास स्थिर रूप दिले.

याच विचारातून नेदरलँड्समधील सर्फनेटचे क्लास वीरेंगा यांनी २००२ मध्ये वायफायसाठी जी कल्पना मांडली, तिचे पुढे 'एडुरोम' झाले. २००६ मध्ये ब्रिटनमध्ये राष्ट्रीय फेडरेशन, म्हणजे परस्परविश्वासाचा संस्थासंघ, सुरू झाला. २०११ मध्ये 'एडुगेन'ने अशा राष्ट्रीय संघांना जोडले. भारतात गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राने शिबोलेथच्या आधारे 'इन्फेड' हा संघ उभारला.

मूल्यमापन :
साक्षीचे मोल साक्षीदारावर अवलंबून असते. सेवा सोडून गेलेल्या व्यक्तीचे खाते मूळ संस्थेने बंद केले नाही, तर सर्व यजमानांची दारे तिला उघडीच राहतात. म्हणूनच सदस्य संस्थांना नियमांनी बांधून घेणे संघांना आवश्यक ठरले. दुसरी उणीव अधिक मूलभूत आहे. सेवानिवृत्त अध्यापक किंवा स्वतंत्र अभ्यासक यांच्यासाठी साक्ष देणारी मूळ संस्थाच नसते. त्यांची हमी यजमान संस्थेलाच घ्यावी लागते. त्यासाठी जबाबदार अध्यापकाचे नाव, खात्याची अंतिम तारीख, आवश्यक तेवढेच अधिकार आणि पासवर्डखेरीज ओळखीचा दुसरा पुरावा ही पथ्ये पाळणे इष्ट ठरते.

निष्कर्ष :
या इतिहासात तंत्र बदलत गेले, तरी ते अखेरीस जुन्या परिचयपत्राच्या तत्त्वापाशीच येऊन पोहोचले. असे पत्र विश्वसनीय ठरावयाचे, तर प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या माणसांची नोंद अद्ययावत ठेवणे अपरिहार्य आहे. ही केवळ संगणक विभागाची बाब नसून शैक्षणिक प्रशासनाची जबाबदारी होय.