मतदार यादीतले नाव

निवडणूक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सभा येतात, मिरवणुका येतात, भिंतींवर रंगविलेली चिन्हे येतात आणि निकालाच्या दिवशीचा गुलाल येतो. मतदार यादी काही कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. ती रुक्ष असते, बारीक अक्षरात छापलेली असते, आणि आपले नाव तीत नाही हे कळेपर्यंत तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. तरीही आज आम्ही त्या यादीबद्दलच बोलणार आहो. सज्ञान नागरिकाला मताधिकार राज्यघटनेने दिला हे खरे; पण मतदानाच्या दिवशी केंद्रावरील अधिकारी घटना उघडून पाहत नाही, तो यादी उघडून पाहतो. आणि या यादीत कोणाचे नाव असावे, याविषयीचा विचार गेल्या दीडशे वर्षांत इतका पालटला आहे की त्याचा इतिहास हा एका अर्थी आपल्या लोकशाहीचाच इतिहास होय.

प्रारंभ मुंबईपासून करू. १८७१ साली मुंबईच्या करदात्यांनी नगरपालिकेच्या उधळपट्टीविरुद्ध मोठे वादळ उठविले. तरुण फिरोजशहा मेहता त्याच वादात पुढे आले. परिणामी १८७२चा कायदा झाला आणि ६४ सभासदांच्या महापालिकेत ३२ जागा करदात्यांनी निवडून द्याव्यात असे ठरले. उरलेल्यांपैकी १६ सरकारने नेमावयाचे आणि १६ शहरातील जस्टिसांनी निवडावयाचे. त्या काळी हे पाऊल मोठे होते, त्याचे महत्त्व आम्ही कमी लेखत नाही. पण मतदार कोण, तर ठरावीक कर भरणारा. ज्याच्या नावावर घर, त्याच्या नावावर मत. ज्या गिरण्यांच्या जोरावर शहर वाढत होते, त्या गिरण्यांतला कामगार या हिशेबात कोठेच नव्हता.

पुण्याची गोष्ट याहून बोलकी आहे. तेथे नगरपालिका १८५७ साली स्थापन झाली. पण कित्येक वर्षे तिचे सभासद सरकारने नेमलेले असत. महात्मा जोतीराव फुले १८७६पासून काही वर्षे या नगरपालिकेत होते, तेही नेमणुकीने. पुढे लॉर्ड रिपन यांचा १८८२चा प्रसिद्ध ठराव आला, त्यापाठोपाठ मुंबई इलाख्यात १८८४चे कायदे झाले आणि गावोगावच्या नगरपालिकांत व लोकल बोर्डांत निवडणुकीचे तत्त्व शिरले. मताच्या पात्रतेची कसोटी मात्र तीच राहिली : कर, मिळकत, शेतसारा, किंवा फार तर शिक्षण. ज्या जोतीरावांनी शूद्रातिशूद्रांसाठी आयुष्य वेचले, त्यांच्या अनुयायांपैकी किती जण त्या कसोटीस उतरले असते, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

१९१९चा कायदा येण्यापूर्वी मताधिकाराचा विचार करण्यासाठी साउथबरो समिती हिंदुस्थानात आली. तिच्यापुढे साक्ष देणाऱ्यांत सिडनहॅम कॉलेजातील एक तरुण प्राध्यापक होते. ते म्हणजे डॉ. आंबेडकर. मिळकतीची अट लावली की अस्पृश्य समाज आपोआप यादीबाहेर पडतो, ही गोष्ट त्यांनी तेव्हाच मांडली. आणि पुढे १९२८ साली सायमन कमिशनपुढे तर त्यांनी सरसकट प्रौढ मताधिकाराचीच मागणी केली. त्या वेळी ती मागणी पुष्कळांना अव्यवहार्य वाटली. निरक्षर माणसाला मत कसे द्यावे, हा प्रश्न विचारणारे केवळ गोरे साहेबच होते असे नव्हे. आपल्यातले शहाणेसुरतेही तो विचारीत. १९१९च्या कायद्याने प्रांतिक कौन्सिलांसाठी साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ५० लाख मतदार झाले, १९३५च्या कायद्याने सुमारे ३ कोटी. आकडा वाढला, पण तत्त्व तेच राहिले. मुंबई कौन्सिलाने १९२१ साली स्त्रियांवरील बंदी उठविली. पण मिळकत बहुधा पुरुषाच्या नावे असल्यामुळे या हक्काचा लाभ थोड्याच जणींना झाला. १९३५च्या कायद्याने त्यावर तोड काढली ती अशी की, नवऱ्याच्या मिळकतीवर बायकोलाही मत मिळावे. म्हणजे बाई यादीत आली ती कोणाची तरी पत्नी म्हणून किंवा विधवा म्हणून. हा मुद्दा ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे मोल चुकते करावे लागले.

मुंबई शहरात मात्र ही भिंत हळूहळू खचत होती. घरमालकांमागून भाडेकरूंना मत मिळाले आणि चाळीतल्या खोलीचे भाडे भरणारा माणूस यादीत आला. शेवटी १९४८ साली मुंबई महापालिकेची निवडणूक प्रौढ मताधिकाराने झाली. देशातील पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हावयास तेव्हा अजून तीन वर्षे होती. स्थानिक स्वराज्य ही लोकशाहीची पाठशाळा, हे वाक्य आपण सभांतून फार ऐकतो. ते निदान या एका बाबतीत अक्षरशः खरे ठरले.

आता देशाच्या यादीकडे वळू. घटना अद्याप तयार झाली नव्हती, तोच घटना समितीच्या कचेरीने १९४८च्या मार्चमध्ये प्रांतांना आणि संस्थानांना मतदार याद्या करावयास सांगितले. ज्याला २१ वर्षे पूर्ण झाली आणि जो त्या जागी ठरावीक दिवस राहिला आहे, त्याचे नाव घ्यावे, असा साधा नियम होता. साधा म्हणावयाचा तो कागदावर. फाळणीने लक्षावधी माणसे घरदार सोडून आली होती. छावणीत राहणाऱ्या निर्वासिताने वास्तव्याचे १८० दिवस कोठून दाखवावे? तेव्हा असे ठरले की, येथे कायम राहण्याचा माझा इरादा आहे असे त्याने लिहून दिले की त्याचे नाव घ्यावे. आमच्या मते हा निर्णय त्या काळातल्या अनेक गाजलेल्या भाषणांहून मोठा आहे, कारण त्याने ज्याच्यापाशी कागद नाही त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला.

स्त्रियांच्या बाबतीत अडचण वेगळी होती. नोंद करणारा कारकून दारात आला की कित्येक घरांतून बाईचे नाव सांगितलेच जात नसे. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ असेच यादीत लिहिले गेले. परक्या पुरुषापुढे नाव उच्चारावयाचे नाही, ही रीत आपल्याकडेही अपरिचित नाही. उखाण्यावाचून नवऱ्याचे नाव न घेणाऱ्या आपल्या आज्या आपण पाहिल्या आहेत. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम भूमिका घेतली : स्वतःचे नाव ही मतदाराची ओळख, ते सांगितले तर नोंद राहील, न सांगितले तर जाईल. परिणामी देशातील सुमारे ८ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांची नावे गळाली. त्यांतील बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश या भागांतल्या होत्या.

सेन यांचे चुकले काय? पुष्कळांनी त्या वेळी हा कठोरपणा मानला, आणि २८ लाख हा आकडा हलका नाही. नावाअभावी ज्यांचे मत गेले, त्यांना त्या रूढीच्या निर्मितीत काही वाटा नव्हता. तरी आम्हांस वाटते की निर्णय योग्य होता. ‘रामाची आई’ असा मतदार मान्य केला असता, तर १९३५चीच बाई पुन्हा यादीत आली असती. फरक एवढाच की नवऱ्याच्या मिळकतीऐवजी मुलाच्या नावावर. १९५१च्या ऑक्टोबरपासून १९५२च्या फेब्रुवारीपर्यंत लोकसभा आणि राज्यांच्या विधानसभा यांची निवडणूक एकत्रच झाली. मतदार १७ कोटींवर होते. मतपेट्यांपैकी पुष्कळशा मुंबईजवळ विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात घडविल्या होत्या, ही माहिती जाता जाता सांगून ठेवतो.

इतका इतिहास सांगितला तो आजचा नियम नीट कळावा म्हणून. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात एक कलम आहे, ते फार थोड्यांना ठाऊक असते. एखाद्या ठिकाणी केवळ आपले घर आहे, एवढ्यावरून माणूस तेथला रहिवासी ठरत नाही! ज्या घरमालकीवर १८७२ साली सारी यादी उभी होती, तिला आज एकटीला काही किंमत नाही. किंमत आहे ती वास्तव्याला. कोकणात वडिलोपार्जित घर असलेला चाकरमानी वर्षभर परळला राहत असेल, तर त्याचे नाव परळला हवे; दोन्हीकडे ठेवणे कायद्याला मान्य नाही. उलट, ऊसतोडणीसाठी चार-सहा महिने बाहेर गेलेला कामगार तात्पुरता गैरहजर म्हणून आपल्या गावचे नाव गमावीत नाही.

नोंदणीची रीत सोपी आहे. वयाची मर्यादा १९८९पासून १८ वर्षे झाली. पूर्वी वर्षातून एकदाच, १ जानेवारीला वय मोजीत. अलीकडच्या दुरुस्तीने जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांची पहिली तारीख धरतात. नव्या नावासाठी नमुना ६, आक्षेपासाठी किंवा नाव वगळण्यासाठी नमुना ७, दुरुस्तीसाठी अथवा पत्ता बदलल्यास नमुना ८. अर्ज मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे देता येतो, तहसील कचेरीत देता येतो, किंवा घरबसल्या संगणकावरूनही करता येतो. छायाचित्राचे ओळखपत्र जवळ आहे म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. ओळखपत्र माणसाची ओळख पटविते. यादीत नाव नसेल तर त्या पत्राने मत देता येत नाही.

स्थानिक निवडणुकीत आणखी एक खोच आहे, आणि नगरवासी येथेच फसतात. ग्रामपंचायत, नगरपरिषद, महापालिका, जिल्हा परिषद यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो; हा आयोग ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीनंतर महाराष्ट्रात १९९४ साली अस्तित्वात आला. पण त्याची स्वतंत्र नोंदणी नसते. विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला जशी असेल तशी घ्यावयाची आणि तीच प्रभागांत, गटांत, गणांत विभागावयाची, अशी पद्धत आहे. २०२५ साली आयोगाने १ जुलैची यादी धरली. ज्याचे नाव ऑगस्टात चढले, त्याला त्या फेरीत आपल्या नगरसेवकासाठी मत देता आले नाही. म्हणजे गटाराची तक्रार ज्याच्याकडे न्यावयाची तो नगरसेवक निवडावयाचा असेल, तरी धावपळ विधानसभेच्या यादीसाठीच, आणि तीही निवडणुकीची चाहूल लागण्याच्या कितीतरी आधी करावी लागते. प्रभागाची प्रारूप यादी प्रसिद्ध झाली की हरकतींसाठी थोडे दिवस मिळतात. आपले नाव शेजारच्या प्रभागात गेले असेल तर ते त्या मुदतीत परत आणता येते. विधानसभेच्या यादीत मुळातच नसलेले नाव मात्र तेथे नव्याने घालता येत नाही. मतदान करतानाही भान ठेवावे. मुंबईत एका प्रभागाला एकच मत असते, इतर बहुतेक शहरांत एका प्रभागातून अनेक सभासद निवडावयाचे असल्यामुळे तितकी मते द्यावयाची असतात. जिल्हा परिषदेच्या वेळी एक मत गटासाठी आणि एक गणासाठी.

राहता राहिला तो माणूस, ज्याला घरच नाही. पदपथावर झोपणाऱ्याचे नाव घ्यावयाचे की नाही? घ्यावयाचे. वास्तव्याच्या कागदाची अट त्याला लावीत नाहीत. त्याऐवजी केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री त्या जागी जावे, एक रात्र नव्हे तर एकाहून अधिक रात्री जावे, आणि अर्जात लिहिलेल्या ठिकाणी तो माणूस खरोखरच झोपतो की काय हे डोळ्यांनी पाहून यावे, असा नियम आहे.