काकांचं वर्ड २००३

८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००३ चा सपोर्ट थांबवला (एक्सपीचाही त्याच दिवशी). पारनेरला काकांना म्हटलं, "आता नवीन घ्या."

"अन् माझ्या बापटांचं काय?"

सेनापती बापट १८८० साली पारनेरातच जन्मले. त्यांच्यावर काकांनी दीडशे पानं टाइप केलेली, जुन्या मराठी फॉन्टमध्ये. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरी होतं, पण हात टाइपरायटरवर बसलेला! अशा फॉन्टात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रं बसवलेली असतात; फॉन्ट नसला की नुसता पाला. म्हणजे अडचण वर्डची नव्हतीच. आधी सगळं युनिकोडमध्ये आणलं. मोडलेली जोडाक्षरं काकांनी एकेक करून दुरुस्त केली. पाऊस लागला तेव्हा कुठे नवीन वर्ड आलं.