मोझेकच्या घासाईची कुळकथा

मराठी घरांत मोझेक म्हणून ओळखली जाणारी फरशी, म्हणजे सिमेंटात संगमरवराची खडी कालवून बसवलेला आणि घट्ट झाल्यावर घासून गुळगुळीत केलेला थर, ही व्हेनिसमधील टेराझोच्या कुळातली आहे. पाणथळ जमिनीवर उभारलेल्या तेथील वाड्यांना इमारत किंचित खचली तरी सहसा न फुटणारी जमीन हवी होती, आणि चुन्यात दगडाचे तुकडे ठोकून बसवण्याची रीत त्या गरजेला पुरी पडली. फ्रिउली प्रांतातील, विशेषतः सेक्वाल्स व स्पिलिंबेर्गो परिसरातील कारागीर लांब दांड्याला जड दगड बांधून ही जमीन घाशीत आणि तीत जवसाचे तेल मुरवीत. ते तेल वापराने ओसरत असल्याने पुन्हा मुरवावे लागे, आणि म्हणून देखभालीचा धंदा फरशीइतकाच जुना मानणे योग्य ठरते.

जोसेफ ॲस्पडिनने १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतल्यावर चुना हळूहळू मागे पडला, परंतु हा नवा थर हाताने घासणे जिकिरीचे होते. ती अडचण १८९१ मध्ये एडवर्ड ॲचेसनने तयार केलेल्या कार्बोरंडमने, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड या अतिकठीण कृत्रिम पदार्थाने, आणि त्याचे दगड बसवलेल्या विजेच्या यंत्रांनी दूर केली. मुंबईच्या सिधवा कुटुंबीयांनी १९२२ मध्ये स्वदेशी सिमेंट-फरशीचा कारखाना काढला, आणि पुढच्या दशकात मरीन ड्राइव्ह व ओव्हल मैदानालगतच्या आर्ट डेको इमारतींचे जिने आणि प्रवेशदालने मोझेकने नटली.

या फरशीचे सौंदर्य भर घालून नव्हे, तर थर उतरवून प्रकट होते. खडी वरच्या पाच-सहा मिलिमीटरच्या संपूर्ण जाडीत विखुरलेली असल्याने झिजलेला पृष्ठभाग घासला की खालून तीच नक्षी नव्याने उघडी पडते. कारागीर प्रथम ६० क्रमांकाच्या भरड दगडाने पाणी सोडत घासतो, उघडी पडलेली छिद्रे त्याच रंगाच्या सिमेंटने भरतो, ते काही दिवस ओले ठेवून १२० आणि नंतर ३२० क्रमांकाच्या दगडांवर येतो. जुन्या फरशीचा रंग नव्या सिमेंटशी जुळवणे हाच यातला खरा कसोटीचा भाग असून, तेथे यंत्रापेक्षा डोळा महत्त्वाचा ठरतो. अखेरीस चौरस मीटरला सुमारे ३३ ग्रॅम ऑक्झॅलिक आम्लाची पूड भुरभुरून ओल्या पृष्ठभागावर चोळतात. तिची चुनखडीशी अभिक्रिया होऊन कॅल्शियम ऑक्झलेटचा पातळ, पाण्यात न विरघळणारा थर तयार होतो आणि त्यालाच झळाळी येते.

अलीकडे घासाई टाळून वरून इपॉक्सीचा, म्हणजे कठीण होणाऱ्या राळेचा, थर चढवण्याची टूम निघाली आहे. ती झटपट आहे खरी, पण तळमजल्यावर जमिनीतून चढणारी ओल या थराखाली अडकून त्याचे पापुद्रे सुटतात, आणि मग ते खरवडण्यासाठी शेवटी घासाईवाल्यालाच बोलवावे लागते.