पाणी चढायच्या आधीच गावाची यादी करा

८ ऑगस्ट २०१९. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडताना बोट उलटली, अनेकांचा जीव गेला. बोटीत जादा माणसं होती. पाणी दारात आल्यावर अशीच घाई होते.

म्हणून नदीकाठच्या गावांनी पावसाळ्याआधी गल्लीनिहाय यादी करावी: अंथरुणाला खिळलेले म्हातारे, गरोदर बायका, अपंग, तान्ही लेकरं. कुणाला कोण नेणार, ट्रॅक्टर कुणाचा, तेही लिहा. नुसती समिती कागदावर असून भागत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाला ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. यादीतली माणसं ४० फुटांच्या आधी, दिवसाउजेडी हलवा. जनावरं कुठं बांधायची तेही ठरवा. त्यांच्यापायीच बरेच जण घर सोडत नाहीत.

जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८.