ज्वलनोष्णता व तिचे मापन

पदार्थ ऑक्सिजनमध्ये पूर्ण जळताना बाहेर पडणारी उष्णता म्हणजे त्याची ज्वलनोष्णता. ती दर ग्रॅमला किंवा दर मोलला किलोज्यूलमध्ये सांगतात. मोजायला बॉम्ब कॅलरीमापी वापरतात. जाड पोलादी भांड्यात सुमारे एक ग्रॅम नमुना ठेवून 25 ते 30 वातावरण दाबाचा ऑक्सिजन भरतात, भांडे मोजून घेतलेल्या पाण्यात बुडवतात आणि नायक्रोमच्या तारेतून वीज सोडून नमुना पेटवतात. पाणी किती तापले, एवढेच पाहायचे असते.

आधी यंत्राचा स्थिरांक काढावा लागतो. त्यासाठी बेंझॉइक आम्ल घेतात. त्याचा एक ग्रॅम 26.43 किलोज्यूल देतो. समजा पाण्याचे तापमान 2.50 अंशांनी चढले, तर स्थिरांक दर अंशाला 10.57 किलोज्यूल. आता त्याच यंत्रात आरतीचा शुद्ध कापूर अर्धा ग्रॅम जाळू. कापूर उघड्यावर उडून जातो, म्हणून वजन झटपट करावे. तापमान 1.83 अंश वाढले, तर उष्णता 19.34 किलोज्यूल, म्हणजे दर ग्रॅमला 38.7 आणि दर मोलला सुमारे 5,890. काटेकोर कामात तारेच्या ज्वलनाची उष्णता वजा करतात. भांडे बंद असल्याने हा आकडा आंतरिक ऊर्जेतील बदलाचा असतो. एका मोल कापराच्या ज्वलनात वायूंचे साडेतीन मोल कमी होतात. त्यापोटी सुमारे 9 किलोज्यूल मिळवले की एन्थाल्पीचा आकडा येतो, सुमारे 5,900. विद्यार्थी हीच पायरी हमखास विसरतात.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत 26 मे 2016 आणि 23 मे 2024 रोजी रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट होऊन माणसे दगावली. पण अशा कारखान्यांचा धोका ज्वलनोष्णतेच्या तक्त्यावरून जोखणे चूक आहे. एक ग्रॅम साखर जळताना 16.5 किलोज्यूल देते. टीएनटीच्या स्फोटासाठी दर ग्रॅमला केवळ 4.184 धरतात. फरक वेगाचा आहे. अभिक्रियापात्रात उष्णता किती वेगाने निर्माण होते आणि थंड करणारी यंत्रणा ती किती वेगाने काढून घेते, यावर सगळे ठरते. हा वेग बॉम्ब कॅलरीमापी सांगत नाही. त्यासाठी अभिक्रिया कॅलरीमापी वेगळा असतो. वस्तीला खेटून असलेल्या कारखान्याची नवी प्रक्रिया तपासताना त्यावरचे आकडे आधी मागितले पाहिजेत.