नान्नजचीं द्राक्षें व अकलूजचें मद्य

बार्शीहून सोलापुरास जाणारा प्रवासी वैराग मागें टाकून पुढें गेला कीं वाटेवर नान्नज हें गांव लागतें. माळढोकाच्या अभयारण्यामुळें या गांवाचें नांव दूरवर गेलें. पण द्राक्षबागाईतदारांना तें ठाऊक आहे काळे घराण्यामुळें. ज्वारीचा हा मुलूख, आणि पाऊस बेभरवशाचा. येथें नानासाहेब काळे यांनीं द्राक्षांचा मळा जोपासला.

त्या काळीं थॉमसन सीडलेस ही परदेशांतून आलेली बिनबियांची जात महाराष्ट्रांत पसरली होती. वेलीच्या एखाद्या डोळ्यांत निसर्गतःच फरक पडतो आणि त्यांतून फुटलेली फांदी निराळीं फळें देते. अशा फांद्या इतर बागांतही फुटत असतील, आणि छाटणीच्या कात्रीखालीं जातही असतील. नानासाहेबांची दृष्टि तिच्यावर ठरली. थॉमसनमधून 1977 सालीं त्यांनीं लांबट मण्यांची जात निवडून काढली, तीच सोनाका. नांवाची फोड मोठी गमतीची आहे: सोलापूरचा ‘सो’, नान्नजचा ‘ना’ आणि काळे यांचा ‘का’. पुढें किशमिश चोर्नी या काळ्या रशियन जातींतून त्यांनीं ‘शरद सीडलेस’ निवडली. तिला शरद पवारांचें नांव मिळालें. चिरंजीव दत्तात्रय काळे यांनीं ‘किंग बेरी’ निवडून तोच वारसा चालविला.

एवढीं उत्तम द्राक्षें असतांना त्यांचीच वाइन कां करीत नाहींत, असें कोणीही विचारील. खाण्याच्या द्राक्षाचा मणी जितका टपोरा, साल जितकी पातळ आणि बी जितकी नाहींशी, तितका भाव अधिक. वाइनचें गणित उलट आहे. तांबड्या वाइनला रंग व तुरटपणा येतो तो सालींतून आणि बियांतून. म्हणून तिला बारीक, जाड सालीचा मणी लागतो. नान्नजचा बागाईतदार जो घड उपटून फेंकील, त्याच्यावर वाइनवाल्याचा जीव जडतो.

असा वाइनवाला सोलापूर जिल्ह्याच्याच पश्चिम टोकाला, अकलूजच्या परिसरांत आला. शंकरराव मोहिते-पाटील यांनीं सहकारी साखर कारखाना उभारलेला हा उंसाचा प्रदेश. त्याच घराण्यांतील रणजितसिंह व अर्जुनसिंह, दिल्लीचे सेखरी बंधु आणि इटलीचे सेक्की बंधु अशा तीन जोड्या एकत्र आल्या, म्हणून कंपनीस ‘फ्रातेल्ली’, म्हणजे इटालियनमध्यें ‘भाऊ’, हें नांव पडलें. तोस्कानाचे पिएरो मासी हे मद्यकार त्यांना मिळाले. मोटेवाडी, गारवाड व निमगांव येथील सुमारें 240 एकरांत फ्रान्सहून आणविलेलीं साडेतीन लाख रोपें लाविलीं गेलीं.

तोस्कानांत वेल थंडींत झोंपते, एकदां छाटली कीं वर्षाचें काम झालें. येथें ती झोंपतच नाहीं. एप्रिलांत खरड छाटणी, पावसाळा सरतां सरतां फळछाटणी, अशी दोनदां कात्री लावावी तेव्हां एक पीक हातीं येतें. इटलींत तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरांत, अकलूजला जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत. जन्मभर एका ऋतूस सरावलेल्या माणसाला हें सारें पुन्हा शिकावें लागलें. त्यांच्या प्रमुख वाइनला ‘सेत्ते’, म्हणजे सात, हें नांव आहे: सहा भाऊ आणि सातवे मासी.

या सहा भावांत जमिनीचे धनीही होते, ही गोष्ट लहान नव्हे. महाराष्ट्र सरकारनें 2001 सालीं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण आखल्यावर नाशिककडील पुष्कळ शेतकऱ्यांनीं मद्याच्या जाती लाविल्या. 2008 नंतर मंदी आली, कारखान्यांनीं माल उचलला नाहीं, आणि कित्येकांनीं हातानें वाढविलेल्या वेली उपटून टाकिल्या. दुसरें करणार काय? त्या बारीक, बियांच्या द्राक्षाला बाजारांत कोणी हात लावीत नाहीं, आणि त्याचा बेदाणाही होत नाहीं. सोनाकाचा भाव पडला तर ती सावलींत वाळवून बेदाणा करतां येतो, हवामानानें साथ दिली तर. माल वाळत असतां अवकाळी पाऊस आला, तर तोही आधार जातो.