मोज्याची टाच

आमच्या निफाडकडे पौषात जी थंडी पडते तिची कीर्ती वर्तमानपत्रांनी महाराष्ट्रभर नेलेली आहे. द्राक्षांच्या बागांतून रात्री शेकोट्या पेटतात आणि माणसे पहाटे दाराबाहेर पाऊल टाकायला भितात. ह्या थंडीसाठी आईने दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, राखी लोकरीचे मोजे विणून दिले होते. आईला जाऊन सहा वर्षे झाली. गेल्या हिवाळ्यात त्या जोडातल्या उजव्या मोज्याची टाच गेली. दादांनी भोकातून दोन बोटे बाहेर काढून मला दाखवली आणि म्हणाले, "बाई, ह्याचं काही होतंय का बघ. नाही तर राहू दे."

ते 'राहू दे' काही मला ऐकवेना. मोजा मी ठेवून घेतला, पण हात मात्र लवकर लावला नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. पुढचे जे काही आले ते शाळेच्या कपाटातल्या आणि इकडून तिकडून मागून आणलेल्या पुस्तकांतून. त्यामुळे एखादी गोष्ट हाताने करण्यापूर्वी ती इतरांनी कशी केली हे वाचत बसायची मला खोड आहे. मोज्याच्या टाचेपायी मी अशीच बरीच लांब भटकून आले. फराळाचे ताट समोर असताना फाटक्या मोज्याची कथा सांगते आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

इजिप्तमध्ये ऑक्सिऱ्हिंकस नावाच्या जुन्या गावाच्या दफनभूमीत तांबड्या लोकरीचे मोजे सापडले. ते इसवी सनाच्या तिसऱ्या ते पाचव्या शतकांच्या दरम्यानचे असून आता लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्यांचा अंगठा वेगळा केलेला आहे. का, तर चपलेचा पट्टा मध्ये बसावा म्हणून! हे वाचून मला फार आपलेपणा वाटला. पण ते मोजे एकाच सुईने, धाग्याचे लहान लहान तुकडे जोडीत, गाठीसारख्या टाक्यांनी केलेले आहेत. आपण ज्याला विणणे म्हणतो, म्हणजे दोन किंवा अधिक सुयांवर एकच लांब धागा फासाफासांतून ओढीत नेणे, ती कला त्यानंतरची.

ह्या एकाच धाग्यात सगळी गंमत आहे. मोजा बहुधा वरून खाली विणतात. दोन्ही टोकांना अणकुचीदार अशा चार-पाच सुयांवर पोटरीची नळी गोल गोल उतरत येते. घोट्यापाशी आले की निम्मे टाके तसेच थांबवून ठेवायचे आणि उरलेल्या निम्म्यांवर उलटसुलट फेऱ्यांनी टाचेची पट्टी विणायची. मग मधल्या टाक्यांवर आखूड फेऱ्या घालून टाच वळवायची, दोन्ही कडांचे टाके उचलायचे आणि पुन्हा गोल सुरू. विणणाऱ्या बायकांची परीक्षा इथे होते. आणि मोजा झिजतो तोही नेमका इथेच. म्हणून जाणत्या बाया टाचेला धागा दुहेरी घेत. पुढे नायलॉन निघाल्यावर लोकरीत त्याचा धागा मिसळू लागले. तरीही पोटरी धडधाकट असताना टाच जातेच. मग बोटांकडचा शेवट सोडून घोट्यापर्यंत मोजा उसवायचा, मोकळे फास सुईवर घ्यायचे आणि नवे पाऊल विणायचे, ही युरोपातल्या घरोघरची रीत होती. पोटरी एक आणि पावले तिला दोन-तीन!

ज्यांना एवढी सवड किंवा लोकर नव्हती त्यांचे काय? त्यांच्यापैकी एकाची गाठ मला स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर पडली. 1951 च्या मे महिन्यात गनिस्टर नावाच्या ठिकाणी जळणासाठी दलदलीची माती खणणाऱ्यांना एका माणसाचे थडगे लागले. त्या आम्लयुक्त मातीने हाडे जवळजवळ खाऊन टाकली होती, लोकर मात्र राखली होती. अंगरखा, टोप्या, हातमोजे, लांब पायमोजे, एक विणलेली चिमुकली पिशवी. पिशवीत तीन हलकी नाणी : दोन डच, एक स्वीडिश, सगळी 1680 ते 1690 च्या सुमाराची. त्या काळी दर उन्हाळ्यात डच कोळ्यांची गलबते हेरिंग मासळीसाठी शेटलंडला येत आणि बेटावरच्या बायका त्यांना मोजे विणून विकत. त्या मुलखात विणलेला मोजा म्हणजे रोकड होती.

आणि ह्या माणसाच्या पायातले मोजे पावलाकडे झिजून गेलेले! तिथे दुसऱ्या कुठल्या तरी विणलेल्या मोज्याचे तुकडे शिवून डागडुजी केलेली होती, तीही ओबडधोबड टाक्यांनी. हे काम बायकोचे असेल की त्याचे स्वतःचे? मी कादंबऱ्या लिहिते, तेव्हा हा प्रश्न मला सुटेना. ओबडधोबड टाके पाहून मला तरी वाटते की शिवणारा घरापासून दूर होता. त्याचे नाव कुणालाच कळलेले नाही. ठिगळ मात्र एडिंबरोच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहे.

लढाईत तर टाचेला भलतीच किंमत आली. 1914 च्या हिवाळ्यात फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांत गुडघागुडघा पाणी साचले. आपले हिंदी शिपाईही त्या हिवाळ्यात तिथे होते. ओल्या मोज्यांत दिवस दिवस राहिलेली पावले सुजत, बधिर होत आणि सडत. पायांना देवमाशाचे तेल चोळा, कोरडे मोजे चढवा, असे हुकूम सुटले. घरोघरी बायका विणायला बसल्या. मोज्याची बोटे बिनशिवणीची जोडण्याच्या टाक्याला तर किचनेरचे नाव पडले. आपल्याकडे सेनापती असताना 1905 साली कर्झनला राजीनामा द्यायला लावणारा तोच हा. त्याने स्वतः सुया हातात धरल्या असतील ह्यावर माझा विश्वास नाही. पण शिवणीचा एक उंचवटा किंवा रफूची एक गाठ कूच करणाऱ्या माणसाला लंगडे करते हे खरे.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये 1 जून 1941 पासून कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. पहिल्या वर्षी माणशी 66 कुपने, पुढे त्याहून कमी. दोन औंस लोकरीला एक कूपन पडे. 1943 मध्ये सरकारने 'मेक डू अँड मेंड' नावाची पुस्तिकाच काढली : आहे ते वापरा, फाटले तर सांधा. हे रेशनिंग 1949 पर्यंत चालले.

आमच्या घरी सुया आल्या त्याही युद्धामुळेच. 1962 च्या चीनच्या आक्रमणात आपले जवान सुती गणवेशांत आणि कॅनव्हासच्या बुटांत हिमालयात उभे असल्याचे कळले, तेव्हा देशभर बायकांनी लोकर हाती घेतली. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले त्याच महिन्यात आजी शेजारणीकडून टाच वळवायला शिकली. तिचे पहिले दोन जोड उसवावे लागले म्हणे. तिच्याकडून ते आईकडे आले आणि आईकडून, अर्धेमुर्धे, माझ्याकडे.

असो. दादांच्या मोज्याचा खरा इलाज मला आता ठाऊक होता : बोटांपासून घोट्यापर्यंत उसवणे आणि नवे पाऊल विणणे. एका रविवारी कात्री घेऊन बसलेही. पण बोटांशी आईने धागा आत दडवलेला होता, तिच्या सवयीप्रमाणे तीनदा उलटसुलट ओढून. तो काही माझ्याने कापवला नाही. कात्री ठेवून दिली आणि रफू करायचे ठरवले.

आईच्या लोकरीच्या डब्यात काचेचा एक उडालेला बल्ब होता. तो मोज्यात सरकवून टाच ताणली. भोकाच्या बऱ्याच अलीकडून, धडक्या भागापासून, उभे धागे घातले. प्रत्येक वळणावर इवलासा फास सैल सोडला, कारण नवी लोकर धुण्यात आटते आणि मग जुनीला ओढून फाडते. नंतर आडवा धागा एकाखालून, एकावरून. गाठ कुठेही मारली नाही. राखी लोकर उरली नव्हती म्हणून डब्यातली विटकरी घेतली. दोन संध्याकाळी गेल्या.

दादांनी मोजा चढवला, घरात चार पावले चालून पाहिले.

"टोचतं का हो?" मी विचारले.

"नाही. तिच्यापेक्षा जरा जाड झालंय."

डाव्या मोज्याची टाच उजेडाकडे धरली की तिच्यातून खिडकीचे गज दिसतात. ती ह्या पौषाच्या आत करायची आहे.